जाताना होतं, येताना होत नाही

गाडी पार बंद पडली तर मेकॅनिकचं काम त्या मानाने सोपं. स्टार्टर फिरतोय का, डिझेल येतंय का, करंट पोचतोय का, असं एकेक बघत गेलं की तासाभरात कुठेतरी बोट ठेवता येतं. गॅरेजवाल्यांना छळते ती अधूनमधून बिघडणारी गाडी. एखाद्या दिवशी इंजिनचा पिवळा दिवा लागतो, पिकअप जातो, गाडी चाळीसच्या वर सरकायला तयार नसते. कडेला घेऊन चावी बंद करावी, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करावी, तर काही घडलंच नाही अशा थाटात पळू लागते. आणि गॅरेजमध्ये नेली की पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं बसणाऱ्या पोरासारखी निमूट. मालक शपथेवर सांगतो की काल असं झालं होतं. मेकॅनिक बॉनेट उघडतो, दोन-चार कपलर दाबून बघतो आणि म्हणतो, "आता तर काहीच नाही. परत झालं की घेऊन या."

अशा तक्रारींमध्ये हमखास पुढे येणारं नाव म्हणजे प्रेशर सेन्सर. स्कॅनर लावला की पडद्यावर त्याचा कोड उमटतो, सेन्सर बदलला जातो, बिल होतं आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा हजर. खराब नसलेले सेन्सर बदलण्यावर किती पैसा जातो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत काउंटरशी जरा वेळ उभं राहिलं की अंदाज येतो. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा घेतला की परत घेतला जात नाही, हा या धंद्याचा सर्वमान्य रिवाज. तो का पडला असेल, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

तीन वायरींचा कारभार

आजच्या गाडीत दाब मोजणारी ठिकाणं बरीच. त्यातली तीन महत्त्वाची: इंजिन ऑइलचा दाब, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब आणि डिझेल गाडीत कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, डिझेलचा दाब. तिन्हींचे आकडे अगदी वेगळे. हवेचा दाब एक बारच्या आसपास, टर्बो असेल तर दोन-अडीच. ऑइलचा दाब गाडी पळताना काही बार. आणि कॉमन रेलमध्ये इंजिन नुसतं चालू असताना साधारण तीनशे बार, जोर लागला की सोळाशे किंवा त्याहून जास्त. कॉमन रेल प्रवासी गाडीत आली १९९७ साली, अल्फा रोमिओ १५६ या मॉडेलमध्ये. त्यामागचं संशोधन फियाट गटाचं, ते बाजारात आणलं बॉशने. आपल्याकडे हे तंत्र घरोघरी पोचवण्यात मोठा वाटा फियाटच्या १.३ मल्टिजेट इंजिनाचा. ते पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला तयार होई आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसे.

दाब मोजायची युक्ती मात्र बारावीच्या पुस्तकातली आहे. सेन्सरच्या आत एक पातळ पडदा असतो. हवेच्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा, रेलच्या सेन्सरमध्ये पोलादाचा. दाबाने पडदा वाकतो आणि त्यावरच्या चार रोधांची किंमत किंचित बदलते. हे चार रोध व्हीटस्टन ब्रिजच्या पद्धतीने जोडलेले असतात. ताण पडला की सिलिकॉनचा रोध धातूच्या मानाने कितीतरी जास्त बदलतो, हे बेल लॅबोरेटरीतल्या चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली दाखवलं. ब्रिज तर त्याहून सुमारे एकशेवीस वर्षं जुना.

सेन्सरला बहुतेक वेळा तीन वायरी: एक इंजिनच्या कंट्रोल युनिटकडून येणारी पाच व्होल्टची, दुसरी अर्थची, तिसरी सिग्नलची. दाब शून्य असेल तर सिग्नल अर्धा व्होल्ट, दाब कमाल असेल तर साडेचार. सरळ शून्य ते पाच का नाही? कारण वायर तुटली की सिग्नल थेट शून्याला किंवा पाचला जाऊन टेकतो. खालचा अर्धा आणि वरचा अर्धा व्होल्ट मोकळा सोडला म्हणून कंट्रोल युनिटला ओळखता येतं की ही दाबाची बातमी नाही, वायरिंगची बोंब आहे.

इथेच कोडचा खरा अर्थ कळतो. रेल प्रेशर सेन्सरचे कोड पी०१९० पासून पी०१९४ पर्यंत. पी०१९२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०१९३ म्हणजे फार वर, पी०१९४ म्हणजे येऊन-जाऊन. ऑइलच्या दाबाचे पी०५२० पासून पुढे, मॅनिफोल्डचे पी०१०५ पासून पुढे. यातला एकही कोड "सेन्सर खराब आहे" असं म्हणत नाही. तो म्हणतो, या सर्किटमधून माझ्याकडे येणारं व्होल्टेज पटण्यासारखं नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, त्यातल्या पिना, दोन-तीन फूट वायरिंग आणि खुद्द कंट्रोल युनिट. त्यात सहज खोलता येतो सेन्सर, म्हणून बळी त्याचा जातो.

एका गाडीची गोष्ट

साताऱ्याच्या एमआयडीसीजवळ एका ऑटो इलेक्ट्रिशियन मेस्त्रींचं छोटं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, भिंतीला वायरींची भेंडोळी, एक स्कॅनर, दोन मल्टिमीटर. आसपासचे मेकॅनिक आपल्याला न उलगडलेल्या गाड्या त्यांच्याकडे पाठवतात. मी गेलो तेव्हा तिथे पुण्याहून आलेली एक डिझेल गाडी उभी होती. कंपनी कुठली ते सांगण्यात अर्थ नाही. हा दोष कुठल्याही गाडीला होऊ शकतो. मालक निवृत्त शिक्षक. गाव कोरेगावकडे, महिन्यातून एक-दोन फेऱ्या. तक्रार अशी की घाटात गाडी अचानक मरगळते आणि दिवा लागतो. पुण्यात रेल प्रेशर सेन्सर बदलून झालेला. त्यानंतर काही आठवडे बरे गेले, कारण त्या काळात गावी जाणंच झालं नव्हतं.

मेस्त्रींनी बॉनेटला हात लावला नाही. आधी प्रश्न.

"सर, नेमकं कुठं होतं?"

"खंबाटकीत. कायम तिथंच."

"जाताना का येताना?"

शिक्षक थांबले. "जाताना होतं, येताना होत नाही. मी हे आधीच्या गॅरेजमध्येही सांगितलं होतं."

ज्यांचा तो रस्ता पायाखालचा आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. त्या वेळी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट वळणावळणाने चढावा लागे. परत येताना वाहतूक बोगद्यातून जाई, तिथे तसा खडा चढ आणि तशी वळणं नव्हती. म्हणजे गाडी तीच, अंतर जवळपास तेच, इंजिनही तेवढंच तापलेलं. फरक फक्त खालच्या गिअरमध्ये पडणाऱ्या जोराचा. नुसत्या उष्णतेने सेन्सर बिघडत असता तर तो येतानाही कधीतरी बिघडला असता.

मग स्कॅनर. आधी कोड पुसून टाकायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. कोडबरोबर कंट्रोल युनिट त्या क्षणाची नोंद साठवतं, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा भार. कोड पुसला की ही नोंदही जाते आणि अधूनमधून येणाऱ्या दोषाचा एकमेव साक्षीदार आपल्या हाताने घालवल्यासारखं होतं. इथे कोड होता पी०१९३. वेग पस्तीसच्या आसपास, आरपीएम चोवीसशे, भार भरपूर. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये चढण.

इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली: रेलचा दाब जवळपास शून्य, सिग्नल अर्धा व्होल्ट. बरोबर. इंजिन सुरू केलं: तीनशेच्या आसपास, स्थिर. रेस दिली की चढतो, सोडली की उतरतो. सेन्सर ठीक बोलत होता. कपलर काढून मोजलं तर पाच व्होल्ट पुरे, अर्थ पक्का. नवा सेन्सर बसवणाऱ्याने इथे गाडी ओके म्हणून परत दिली असती.

मेस्त्रींचा तर्क पुढे गेला. सिग्नल 'फार वर' जातो. तीन वायरींपैकी पाच व्होल्टची तुटली तर सिग्नल खाली बसतो. अर्थची वायर तुटली तर मात्र सेन्सरला खाली ओढणारं कोणी राहत नाही आणि सिग्नल वर उडतो. सिग्नलची वायर तुटली तरी बऱ्याच गाड्यांत तसंच होतं. म्हणजे संशयित दोन. आणि खरंच दाब वाढत नसेल कशावरून? याचं उत्तर त्यांनी स्कॅनरवरचा आलेख दाखवून दिलं. पंपाने चढवलेला दाब कितीही वेगाने चढला तरी त्याला चढण असते, रेषा तिरपी जाते. इथे दोष येई तेव्हा मालकाने काढलेल्या मोबाइलच्या व्हिडिओत गाडी एका झटक्यात मरत होती. झटक्यात चढतं ते व्होल्टेज, डिझेलचा दाब नाही.

मल्टिमीटरचं एक टोक सेन्सरच्या कपलरमागून अर्थच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. वायरीला टाचणी टोचून मोजायची सवय आपल्याकडे फार. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात नवं दुखणं उभं राहतं. म्हणून मागून बारीक पिन सरकवायची. मीटर किमान-कमाल नोंदवण्यावर लावला. इंजिन चालू, आकडा वीस मिलिव्होल्टच्या आत. कपलर हलवून बघितला, काही नाही. वायरिंग जागोजागी हलवलं, काही नाही.

मग त्यांनी गाडीसमोरची सगळी माणसं बाजूला केली. स्वतः स्टिअरिंगवर बसले, हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय घट्ट, पहिला गिअर टाकला आणि क्लच जरासा सोडला. जोर पडताच इंजिन आपल्या जागेवर मागे कलंडलं, नेहमीपेक्षा अंमळ जास्तच. मीटरवर आकडा चारच्या वर गेला. मिलिव्होल्ट नव्हे, व्होल्ट. डॅशबोर्डवर दिवा लागला. खंबाटकी शेडमध्ये आली.

पुढचं काम हातांचं. इंजिनवरून बॉडीकडे जाणाऱ्या वायरिंगची टेप उकलली. क्लिपजवळ अर्थची वायर बाहेरून धड दिसत होती, कव्हर कुठे फाटलेलं नाही. मेस्त्रींनी ती दोन चिमटींत धरून हलकेच ओढली. तांब्याची तार शाबूत असेल तर वायर लांबत नाही. ही लांबली. आत तारा तुटलेल्या, वरचं प्लॅस्टिक तेवढं दोन टोकं एकमेकांजवळ धरून होतं. गाडी उभी असली की टोकं टेकत, इंजिन कललं की सुटत.

पण वायर तुटली का, हा प्रश्न त्यांनी तिथे सोडला नाही. कधीतरी क्लचचं काम करताना कुणी वायरिंग चुकीच्या क्लिपमध्ये अडकवलं होतं, त्यामुळे ते ताणलेलं. त्यात इंजिनचं एक माउंटिंग फाटलेलं, म्हणून इंजिन गरजेपेक्षा जास्त हलत होतं. प्रत्येक चढणीला तीच वायर ओढली जाऊन अखेर तुटली. नुसती जोडून दिली असती तर आणखी वर्षभराने दुसरी तुटली असती. माउंटिंग बदललं, वायरचा तेवढा तुकडा नवा टाकून क्रिम्प करून वर हीट-श्रिंक नळी चढवली, वायरिंगला ढील देऊन मूळ जागी बसवलं. पुन्हा तीच चाचणी, क्लच अर्धा सोडून. आकडा हलला नाही. पुण्यात काढून टाकलेला जुना सेन्सर शिक्षकांनी डिकीत जपून ठेवला होता. तो मेस्त्रींनी लावून बघितला. तोही ठणठणीत निघाला.

दोष कुठे कुठे दबा धरतो

तुटकी वायर हे एक कारण. गॅरेजवाल्यांशी बोलताना आणखी काही कारणं वारंवार ऐकू येतात. पहिलं, कपलरच्या पिना. इंजिनच्या थरथरीने पिना एकमेकींवर अगदी सूक्ष्म घासत राहतात, वरचा कथिलाचा मुलामा झिजतो, काळपट थर जमतो आणि संपर्क कच्चा होतो. कपलर काढून परत बसवला की थर खरवडला जातो आणि दोष काही दिवस गायब होतो. नवा सेन्सर बसवल्यावर 'बरं वाटण्याचं' हे एक गुपित: गुण सेन्सरचा नसतो, कपलर काढण्या-घालण्याचा असतो.

दुसरं, पाणी. वॉशिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारायची हौस महागात पडते. कपलरचं रबरी सील वयाने कडक झालेलं असेल तर पाणी आत जातं, तांब्यावर हिरवट क्षार धरतात. तिसरं, उंदीर. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. चौथं कारण फसवं. काही गाड्यांत पाच व्होल्टची लाइन तीन-चार सेन्सरना सामाईक असते. त्यातला एखादा, समजा एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर, आतून शॉर्ट झाला तर पाच व्होल्ट कोसळतात आणि भलत्याच सेन्सरांचे कोड एकदम येतात. अनेक कोड एकदम दिसले की अनेक पार्ट गेले असं समजू नये. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघावं. आणि त्या लाइनवर बल्बचा टेस्ट लॅम्प कधीच लावू नये, तिची तेवढी ताकद नसते.

हवेच्या सेन्सरची एक सोपी परीक्षा मात्र कोणालाही करता येते. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. म्हणून चावी फिरवून स्कॅनरवर आकडा बघायचा. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा, पुण्यात ९५ च्या, महाबळेश्वरात ८६ च्या. पुण्यात उभ्या गाडीचा सेन्सर ७० दाखवत असेल तर त्याच्यावर संशय घ्यायला जागा आहे.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आता बऱ्याच गाडीमालकांकडे असतो. कोड वाचायला तो पुरतो. पण तो सेकंदाला मोजकीच रीडिंग दाखवतो आणि वायर सुटते ती कधीकधी काही मिलिसेकंदांसाठी. पडद्यावर सगळं आलबेल दिसतं तेव्हाही दोष निसटून गेलेला असू शकतो. तिथे मीटरची किमान-कमाल नोंद किंवा ऑसिलोस्कोप लागतो.

दिवा आपोआप विझतो यालाही कारण आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झालेल्या ओबीडी २ च्या, म्हणजे गाडीने आपले दोष आपणच ओळखायच्या यंत्रणेच्या, नियमांत, लागोपाठ तीन फेऱ्या दोषाविना गेल्या तर दिवा विझावा अशी तरतूद आहे. कोड मात्र त्यानंतरही इंजिन चाळीसदा गार होऊन तापेपर्यंत आत राहतो. आपल्याकडे ओबीडी टप्प्याटप्प्याने २०१० आणि २०१३ पासून आलं आणि तत्त्व तेच राहिलं. दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं असं नाही; नोंद अजून आत असते, लवकर गेलात तर वाचता येते.

लाल दिव्याशी मात्र खेळ नको

आतापर्यंत जे सांगितलं ते पिवळ्या दिव्याचं. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर हे शहाणपण गुंडाळून ठेवायचं. जुन्या जीपमध्ये ऑइलच्या दाबाचा काटा असे. काट्याच्या यांत्रिक गेजमागचं तत्त्व, दाबाने सरळ होऊ बघणारी वाकडी नळी, फ्रान्सच्या युजीन बूर्दों यांनी १८४९ साली पेटंट केलं. काटा हळूहळू उतरताना दिसे, चालकाला वेळ मिळे. बहुतेक गाड्यांत पुढे त्या जागी एक साधा स्विच आणि दिवा आला. दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेला की स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. म्हणजे तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

हा दिवाही खोटं बोलू शकतो. स्विचमधून ऑइल गळतं, वायर घासून इंजिनला टेकते. पण खोटं आहे हे ठरवायची जागा रस्ता नव्हे. गाडी कडेला घ्यावी, इंजिन तात्काळ बंद करावं, थोड्या वेळाने डिपस्टिक बघावी. ऑइलची पातळी ठीक असली तरी गाडी टो करून न्यावी. गॅरेजमध्ये स्विच काढून त्याच भोकात यांत्रिक गेज लावतात आणि गरम इंजिनवर दाब मोजतात. गेज कंपनीने दिलेला आकडा दाखवत असेल तरच स्विच किंवा वायर दोषी. स्विचची किंमत काही शे रुपये. बेअरिंग भाजलेल्या इंजिनचं काम लाखाच्या घरात जातं. दिवा नसणंही तपासत राहावं. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर वायर तुटली असेल, आणि मग खरी वेळ येईल तेव्हा तुम्हाला सावध करणारं कोणी नसेल.

आणखी एक इशारा: कॉमन रेलच्या पाइपचे नट इंजिन चालू असताना कधीही सैल करू नयेत. जुन्या डिझेल इंजिनात हवा काढायला लोक तसं करायचे. इथे शेकडो बारने उडालेली डिझेलची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते.

शोधण्याची मजुरी

हे कौशल्य महागड्या मशीनचं नाही. साताऱ्याच्या त्या शेडमध्ये वापरला गेला तो एक साधा मीटर, तीन वायरींचं गणित आणि मालकाचं एक वाक्य. तेच वाक्य पुण्यातही सांगितलं गेलं होतं. तिथे ऐकायला कोणाला वेळ नव्हता. वेळ का नव्हता, याचं उत्तर आपल्या खिशात आहे. हजारांत किंमत असलेल्या सेन्सरचं बिल आपण मुकाट्याने देतो, कारण हातात खोका येतो. दोन तास डोकं चालवून सापडलेल्या तुटक्या वायरचे पैसे मागितले की म्हणतो, "एवढीशी वायर तर जोडलीत!" मग मेकॅनिकने पार्ट बदलत बसण्याशिवाय करावं काय? सरकारी आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकून आलेला मुलगाही वर्षभरात हेच शिकतो की शोधण्याला दर नाही, बदलण्याला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दिवा लागला तर चार गोष्टी कराव्यात. कुठे, कुठल्या गिअरमध्ये, चढावर की उतारावर, पावसात की उन्हात, एसी चालू होता का, हे लिहून ठेवावं. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो मागावा. पार्ट बदलायचा म्हणाले तर कुठलं व्होल्टेज मोजून ठरवलंत, एवढं विचारावं आणि जुना पार्ट परत घ्यावा. आणि ज्याने मोजून, शोधून, कारणासकट दोष दाखवला, त्याने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी.